निधान

पिरनवाडी मागं पडली तशी आप्पांनी
खिडकीची काच चार बोटं खाली केली.
मोजून चार. तेवढं वारं पुरतं, म्हणाले,
जास्त घेतलं की डोळ्यांत जातं.

आश्विन सरत आलेला.
किणयेच्या पुढं भात पिकून एका कुशीवर निजलेलं,
बांधावर कुणी विळा पाजळत बसलेलं,
आणि सोनकी, जिथं बोटभर माती दिसेल तिथं.

गाडी माझी. तिसऱ्या हाताची.
शिकून आठ महिने झाले, पन्नाशीत.
आप्पांच्या बाजूला ब्रेक नाही,
तरी दर वळणाआधी त्यांचा उजवा पाय
रबरी मॅटमध्ये रुततो.
मी बघत नाही. मी बघितलेलं त्यांना कळतं.

"पुलावर हॉर्न मार."
कुणी नाही पलीकडं, आप्पा.
"पूल आहे की गं. त्याला सांगून जावं."

जांबोटीला चहा.
हॉटेलातल्या पोराला त्यांनी सांगून बघितलं,
कणकुंबी मुक्कामाची गाडी, पहाटे साडेपाचची,
एकतीस वर्षं, एकदाही खरचटली नाही.
पोरानं साखर जरा जास्त घातली, एवढंच.

मग जंगल.
ऐन, किंदळ, जांभूळ, रस्त्यावर वाकून बघणारे,
सागाला सुकलेले तुरे.
ऊन इथं सुट्ट्या पैशांसारखं येतं:
काचेवर थोडं, आप्पांच्या मांडीवर थोडं,
उरलेलं पुढच्या स्टॉपला देतो म्हणून गायब.

आणि वळणावर ती पिवळी पाटी.
लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या सीटमागं उभी असायची.
शाळा मराठी, पाट्या कानडी.
कंडक्टर बसलिंगाप्पांनी तिकिटाच्या पाठीवर
अक्षरं काढून शिकवलेली, तेवढ्यावर मी जोडायची:
नि. धा. न.
पुढचं वाचेपर्यंत बस निघून जायची.
मला वाटायचं, इथं पुरलंय काहीतरी.
हंडा असेल, मोहरा असतील.
सरकारनं दर वळणाला पाटी लावून सांगितलंय
आणि एवढी माणसं मुकाट पुढं जातात!
कुणालाच बोलले नाही.
सातवीत कळलं, कानडीत निधान म्हणजे हळू.
खूप दिवस वाईट वाटत होतं.

कणकुंबीच्या अलीकडं, डावीकडं,
झाडांच्या फटीतून पाणी चमकलं.
"हे काय?"
तळं.
"कधी झालं?"

गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केल्यावर
जंगल एकदम जवळ आलं.
काठाचे दगड काळे, पायऱ्या मधोमध झिजलेल्या,
कमळाची पानं, म्हशीच्या पाठीवर बगळा.
कालपरवाचं नव्हतंच ते.

दिवसाला दोन फेऱ्या, एकतीस वर्षं.
चाकापुढचा वीस पावलांचा डांबराचा तुकडा,
तो संपला की दुसरा.
आरशात पन्नास माणसं, शेळ्या, पाट्या, मी.
डावीकडं बघायला त्यांना कुणी पगार देत नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"
हो आप्पा. दर खेपेला दिसायचं.
"मग सांगितलं नाहीस ते?"
बसमध्ये पाटी होती ना.
ड्रायव्हरशी बोलू नये.

ते हसले नाहीत.
चपला गाडीतच ठेवून खाली उतरले,
तिसऱ्या पायरीवर बसले,
पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला,
बोनेट तापलंय का बघताना ठेवायचे तसा.

किती वेळ ते सांगता येणार नाही.
बगळा उडाला, दुसऱ्या म्हशीवर बसला.
गोव्याकडचे दोन ट्रक गेले.

परत बसल्यावर त्यांनी काच
होती तिथपर्यंत पूर्ण खाली केली.
वारं आलं, त्यात ओल्या दगडाचा वास.
मी गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवली.
मागून कुणीतरी हॉर्नवर हॉर्न मारत आलं.
"जाऊ दे त्याला," आप्पा म्हणाले, बाहेर बघतच.

पुढं वळण होतं, पाटी होती.
मॅट दबलं की नाही,
मी बघितलं नाही.