तिसरी घंटा मीच देते

पोस्टरवर फोटो माझा, खाली नंबर माझाच.
निर्मिती, लेखन, दिग्दर्शन, तिकीट खिडकी: मी.
दर दोनशे छापला होता,
मग दादू कुंभोज्यांच्या प्रेसमध्ये फरशीवर बसून
तीनशे पोस्टरांवर दीडशेची पट्टी चिकटवली.

नाटकाचं नाव "नंबर बिझी आहे".
टेबल एक, काळा फोन एक
(शनिवारच्या बाजारात चारशेला, डायल सातावर अडकते).
तासगावचं टेलिफोन एक्स्चेंज, साल अठ्ठ्याहत्तर,
एक ऑपरेटर, जी सगळ्या गावाला जोडून देते
आणि जिला कुणी फोन लावत नाही.

पहाटे साडेचारला खळीची बादली घेऊन निघते,
भिंतीवर पुराची रेघ आहे तिच्या वर चिकटवते,
भर उन्हाळ्यातसुद्धा.
सांगली म्हणजे नाट्यपंढरी, असं सगळे सांगतात
आणि पास मागतात.
दोनशे चौदा जणांना मेसेज. निळ्या खुणा एकशे नव्वद.
"नक्की येतो" म्हणणाऱ्यांना मी आता मोजत नाही.
"बघतो" म्हणणारे कधीमधी येतात.

विट्याच्या पोस्टरवरून एकच फोन आला.
"बाई, बिरू मेटकरी बोलतोय.
नंबर बिझी लागतोय हे तुम्हालाबी म्हाईत हाय,
बोर्डच लावलाय की चौकात.
मग आमच्या वस्तीवर टावर कधी लावताय?"
बावीस वर्षं मिरजेच्या शाळेत कारकून होते मी,
चुकीच्या खिडकीवर आलेला माणूस ओळखते.
तरी म्हणाले, शनिवारी सहाला या, समक्ष बोलू.

आला. धुतलेला सदरा, पिशवीत फोनची बिलं.
तिकीट मीच फाडलं, जागा मीच दाखवली.
लाइटवाला तौफिक मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेलेला,
म्हणून डिमर टेबलाखाली ठेवला,
उजेड पायाच्या अंगठ्यानं कमी करायचा.
मग विंगेत जाऊन तिसरी घंटा दिली
आणि पोटात गोळा आला.
घंटा आपल्याच हातात असली तरी तो येतोच.

शेवटाला ती मेलेल्या लाइनवर विचारते,
"हॅलो, ऐकताय ना?"
तिथं चार सेकंद शांतता, मग "कुणीच नाही", मग अंधार.
एकसष्ट प्रयोग मी ते सेकंद मनात मोजलेत.
एक.
दोन.
"ऐकतोय की. बोला."

तिसरी रांग, कडेची खुर्ची.
मागं कुणीतरी हसलं, मग गप्प झालं.
अंगठा डिमरवर तसाच. "कुणीच नाही" हे
त्याच्या तोंडावर म्हणता येईना.
विचारलं, "जेवण झालं का?"
"न्हाई अजून. पण तुम्ही सांगा."

मग मी सांगितलं. संहितेत नसलेलं, नऊ मिनिटं.
त्यातलं किती तिचं होतं आणि किती माझं
ते टाळ्यांनंतर मलाही निवडता आलं नाही.
मंगल कार्यालयाचा मॅनेजर दारात उभा राहून
मनगटावर बोट आपटत होता:
साडेआठच्या पुढं गेलं की पाचशे जादा.

सतरा तिकिटं, दोन हजार पाचशे पन्नास.
हॉल अठराशे, जादाचे पाचशे,
एसटीला टेबलासकट दोनशे चाळीस.
उरले ते चहाला. बिरूनं दिले नाहीत,
बशीत फुंकर मारत एवढंच म्हणाला,
"नाटक बेस झालं. टावरचं तेवढं बघा."

सोमवारी विश्रामबागला फोनच्या ऑफिसात गेले,
त्याचा अर्ज माझ्या अक्षरात, सोबत बिलांच्या झेरॉक्स.
पोचपावतीवर शिक्का मागून घेतला.
जाता जाता काउंटरवरच्या बाईंपुढं
जतच्या प्रयोगाचं पोस्टर सरकवलं.
त्यांनी चष्मा वर केला, तारीख वाचली.
म्हणाल्या, "बघते."