अर्थिंगला पाणी

संखच्या टेलिफोन एक्स्चेंजमागे
विटांचा एक खड्डा होता, दीड फूट बाय दीड,
वर सिमेंटचं झाकण, झाकणाला सळईची कडी.
आत खोल उतरलेली तांब्याची पट्टी,
मीठ, कोळसा, मीठ, कोळसा,
आणि त्याच्याही खाली जत तालुक्याचा मुरूम.

दर्याप्पा ऐवळे रोज सकाळी त्यात एक बादली ओतायचा.
टँकर चौथ्या दिवशी यायचा, तेव्हाही.
रांगेतून बाया ओरडायच्या,
‘ऐवळे, काय उगवणार हाय तिथं?’
‘काय उगवू नये म्हणूनच वततोय.’

मी नवा, मिरजेचा, डिप्लोमा ताजा.
ओहममध्ये बोलायचो.
त्यानं माझा हात धरून मातीवर टेकवला:
‘ही वाळली की तोंड मिटती.
वरनं आलेलं गिळत न्हाई.
मग ते मशीन खातंय.’

फ्रेमवर साडेतीनशे जोड्या,
प्रत्येकीच्या मुळाशी एक जीडी ट्यूब,
चिनीमातीची, हरभऱ्याएवढी, तीन पायांची.
दोन पाय तारांना, मधला जमिनीला,
पोटात चिमूटभर वायू.
वर्षभर ती काही करत नाही.
दोनशे तीस व्होल्टपर्यंत
कुणाच्या बोलण्यात पडत नाही:
बेदाण्याचा भाव, कुणाचं बाळंतपण,
रिसीव्हर धरून नुसतं गप्प बसणं,
सगळं शेजारून जातं.

हस्ताची रात्र होती.
बोर नदीच्या अंगाला आधी नुसता उजेड,
मग उजेड, मग आवाज,
मग दोघांत अंतरच उरलं नाही.
तापल्या कढईत कुणी मूठभर फुटाणे टाकावेत
तसं फ्रेमवर तडतडत गेलं
या टोकापासून त्या टोकाला.
लाइट गेली.
मशीन बॅटरीवर गुणगुणत राहिलं.
दर्याप्पानं टॉर्च लावला नाही,
मान तिरकी करून ऐकत राहिला.
‘गिळलं,’ म्हणाला.

सकाळी एक्केचाळीस नंबर मुके.
महादेवी बिराजदार छत्री टेकत दारात:
‘माझा फोन मेला. पोरगं सांगलीला दवाखान्यात हाय.’
‘फोन न्हाई मेला, आक्का. त्याच्या जागी एक मेलंय.’
चिमट्यानं जुनी उपटली, नवी बसवली.
टोन आला, तो एकसुरी, रिकामा टोन,
आणि बाईनं रिसीव्हरला हात जोडले.
मला तेव्हा हसू आलं.

मेलेल्या ट्यूबा तो लिमलेटच्या बरणीत ठेवायचा.
स्टोअरच्या वहीत त्यांना ‘खराब माल’ म्हणत.
‘खराब कशानं? काम झालेला माल.’
तसा रकाना वहीत नव्हता.

त्याला मी ट्यूबची उपमा देणार नाही.
निरोपाच्या चहाला साहेबांनी दिली होती:
घाव सोसणारा, वगैरे.
दर्याप्पा शेजारच्याला म्हणाला,
‘ट्यूबला बिचारीला भजी मिळत न्हाईत,’
आणि बशी जवळ ओढली.

आता एक्स्चेंजला कुलूप आहे.
गावात काचेचा धागा आलाय,
काचेला वीज विचारत नाही.
गेल्या वैशाखात तिकडून जाताना उतरलो, मागे गेलो.
झाकण फुटलेलं, कडी कुणीतरी नेलेली.
तिथं काही उगवलं नव्हतं.

बाटलीत दोन घोट उरले होते.
ओतले.
मातीनं बारीक आवाज केला.
मोजायला मीटर जवळ नव्हता.