शेपटाकडून

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, सावंतवाडीत,
पिंटो सिस्टर म्हणाल्या, शब्द शेपटाकडून वाचा.
काय झालंय ते शेवटी असतं,
कुठे झालंय ते आधी.
सगळ्यांनी वह्या उघडल्या.
मला तारामुंबरीच्या जेटीवरची आवडूकाकी दिसली,
पायाखाली आडाळा, हातात हातभर इसवण,
डोकं, मधले तुकडे, शेपूट,
आणि कापायच्या आधीच सांगणारी
की हा मासा कालचा आहे.

मग मीही तशीच बसायला लागले,
रोज रात्री, वसतिगृहाच्या पिवळ्या दिव्याखाली.
गॅस्ट्रो. एन्टरो. आयटिस.
पोट. आतडं. आग.
एवढा भारदस्त पाहुणा,
आणि आत निघाला मेथरांच्या विठोजीचा
जत्रेतल्या भज्यांनंतरचा सोमवार.

हायपर म्हणजे भरती, हायपो म्हणजे सुकती.
ऐकताना फरक फक्त एका र चा.
त्या र वर माणूस जातो, सिस्टर म्हणाल्या.
मी तो तांबड्या शाईने काढला,
बंदराच्या टोकावरच्या दिव्यासारखा.

आणि अनीमियातला अन्,
तो तर आमच्याच घरचा निघाला.
अनोळखी. अनवाणी. अनावर.
कुठल्याशा जुन्या गलबतातून
दोन बहिणी दोन बंदरांत उतरल्या असाव्यात;
एकीच्या लेकी दवाखान्यात लागल्या,
दुसरीच्या मासे विकतात.

थंडीत आईच्या खांद्यावर गाठ आली.
चिठ्ठीवर लायपोमा.
शेजारच्या द्रौपदीने नुसतं शेपूट पाहिलं
आणि ओमा, ओमा करत अंगणात बसकण मारली.
पाकटाच्या शेपटात काटा असतो
हे इथे पोराटोरांनाही ठाऊक.
मी म्हटलं, डोकं बघ. लायपो. चरबी.
चरबीची गाठ, आई, बाकी काही नाही.
"इतकी वर्सां अर्धपोटी रवलंय," आई म्हणाली,
"आणि चरबी जमली ती खय, तर खांद्यार!"
त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं,
भीती म्हणजे न कापलेला शब्द.
फार शहाणं वाक्य होतं ते.

मग आवडूकाकीचा कागद आला, कोल्हापूरहून.
पिशवीत सोड्यांच्या पुडीला लागून होता,
त्यालाही तोच वास.
ती आडाळ्यावर होती, उठली नाही.
"वाच गो. तू आता शिकलंस मा."

शेपटाला ओमा.
डोक्याला कार्सिनो.
कार्सिनो म्हणजे कुर्ली;
फार पूर्वी कुणा वैद्याला गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा
तिच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून.
हे सिस्टरनी शिकवलं होतं.
मोठ्याने कसं म्हणायचं ते नव्हतं शिकवलं.
मी म्हटलं, काकी, कुर्ली.

तिचा हात थांबला.
"अवसेची काय पुनवेची?"
अवसेची भरलेली असते.
मी म्हटलं, अजून कळायचंय.
"मगे आधी डेंगे मोडूचे," ती म्हणाली,
"आणि नंतर हात घालूचो.
नायतर सोडणा नाय ती."
आणि टोपलीतला पुढचा बांगडा उचलला.

कागदाला दुसरं पान होतं.
त्यावर एक शब्द, मेटापासून सुरू होणारा.
मेटा म्हणजे पलीकडे.
पुढचे तुकडे मी केले नाहीत.
घडी घातली, पिशवीत ठेवली, तशीच बसून राहिले.
खवले उडत होते.
एक माझ्या मनगटावर येऊन चिकटला,
नखाएवढा, चकाकता.
बराच वेळ तो मी काढला नाही.