झोंबतला

"लालबागची ना गं तू?
मग मिसळीत साखर कसली कालवतेस?"
साखर नाही, दही असतं. पण असू दे.
दर शुक्रवारी फोर्टातल्या आमच्या कॅन्टीनमध्ये
हा खटला चालतो,
आणि ज्यांच्या आमटीत गुळाचा खडा ठरलेला
त्या कोकजेबाईसुद्धा
ठेच्याची डबी माझ्याकडे सरकवतात,
पैज लावल्यासारखी.

मी शिरा मागवते.
वर आणखी एक चमचा साखर.

माझे वडील मसाल्याच्या डंखावर होते.
एप्रिल-मेमध्ये उजेडात त्यांचं तोंड दिसायचं नाही.
पार डोंबिवलीहून बायका यायच्या,
बेडगी दोन किलो, संकेश्वरी एक, रंगाला काश्मिरी,
त्रिफळं निवडून, दगडफूल हुंगून,
आणि लोखंडी मुसळं पडत राहायची
आमच्या दुपारच्या झोपेतसुद्धा.
रात्री दहाला बाप घरी यायचा
पापण्यांपर्यंत तांबडा.
आधी जिन्यावर शिंक, मग तो.

मी धावत जायचे.
तो दोन्ही हात वर करायचा,
पोलिसांनी पकडल्यासारखा.
"हात लाव नको गो बाय, झोंबतला."

मोरीत खोबरेल, मग ताक, मग बेसन.
शेजारच्या सुमित्राकाकूंनी सांगितलं म्हणून
एकदा टूथपेस्टसुद्धा.
मिरची जात नसे.
ती त्याच्या नखांत राहायला आली होती,
पागडी भरून.

एकदा कुणाच्या तरी बारशाचा पेढा
त्यानं स्वतःच्या हातानं खाल्ला.
पेढा तिखट लागला.
तो इतका हसला, इतका हसला,
की डोळे पुसायला गेला,
आणि पुढचा अर्धा तास नळाखाली.

तेव्हापासून पगाराच्या दिवशी माहीमचा हलवा.
पातळ, चौकोनी, कागदाआड कागद.
सोलायचं काम माझं.
तो पाटावर बसायचा,
हात गुडघ्यांवर उताणे ठेवून,
कुणी सांभाळायला दिलेत तसे,
आणि तोंड उघडायचा.
पुढचा एक दात नसलेलं, मोठं, विश्वासू तोंड.
मी सात वर्षांची.
चौकोनाची घडी घालून आत ठेवायचे.
वरचा बदामाचा काप आधी माझा, हे ठरलेलं.
"अजून एक गो," म्हणायचा.
आणि मी, आईच्या आवाजात: "उद्या."

तर कोकजेबाई, तिखटाशी माझं वैर नाही.
तिखटानं आमच्या फिया भरल्या,
ताईच्या लग्नाचा हॉल घेतला,
गावच्या घरावर कौलं चढवली.
फक्त तिखट मी नेहमी लांबून पाहिलं,
दारात, हात वर करून उभं.
आणि गोड इतक्या जवळून
की त्याचा श्वास बोटांना लागायचा.

हे कॅन्टीनमध्ये कसं सांगणार?
मी म्हणते, "ॲसिडिटी आहे हो."

डंख आता चुलतभाऊ मोरेश्वर चालवतो.
मे महिन्यात न चुकता किलोभर मसाला पाठवतो,
पिशवीवर माझं माहेरचं आडनाव लिहून.
नवऱ्याला आवडतो. तोच काढून घेतो, तोच घालतो.
मी वर्षातून एकदा बरणी उघडते,
कालवणासाठी नाही.

एक शिंक येते.
जिन्यावर कुणी नसतं.
हात साखरेच्या डब्याकडे जातो,
आणि डबा उघडण्याआधी,
का कोण जाणे,
मी तो दोनदा धुते.