ओरखडा

हिरोसाकीत, स्टेशनामागच्या गल्लीत
लोखंडी जिना चढून गेलं की आमचं कॉफीघर.
दारावर मालकीणबाईंच्या हातची पाटी:
बोलू नये. कपात चमचा वाजवू नये.
बाकी सगळं चालतं. झोपलात तरी चालतं.

मी कॉफी देते आणि फळ्यावर नावं लिहिते.
गिऱ्हाईक चिठ्ठी सरकवतं, मी खडूने उतरवते:
ब्राम्स. हायडन. पुन्हा ब्राम्स.
आठ वर्षं ही माणसं
तोंडात मिठाची गुळणी धरून शेजारी शेजारी बसतात.
कोण कसं, ते मला अक्षरावरून कळतं.

कुदोसान सफरचंदांच्या गोदामात प्रतवारी करतात.
त्यांच्या कोटाला ओल्या खोक्यांचा गोड वास.
त्यांना हवा बाख, तोही एकट्या चेलोवरचा,
बाकीची वाद्यं म्हणजे जणू न बोलावता आलेले पाहुणे.

नारिताबाई दातांच्या दवाखान्यात हिशेब बघतात.
त्यांना शूबर्ट, आणि तोही संथ.
बाख लागला की त्या विणकाम काढतात.
शूबर्ट लागला की कुदोसान डोळे मिटतात,
आणि ते तल्लीन होऊन नव्हे,
हे अख्ख्या खोलीला ठाऊक.

कोपऱ्यात ताकुमा, विद्यापीठातला पोरगा,
दर वेळी बार्टोक मागणारा.
बार्टोक लागला की दोघं तरी सिगारेटीला बाहेर जातात,
बर्फ असो की वादळ.
एकदा त्याच्या चिठ्ठीत नावाखाली एक ओळ होती:
"चारच मिनिटं. कृपा करून कोणी उठू नका."
ती मी फळ्यावर नाही लिहिली.
बशीखाली ठेवून एकेकाला पोचवली.
त्या दिवशी एकच जण उठला.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
खालच्या दुकानाची खिडकी बर्फात बुडालेली,
वर पाच गिऱ्हाइकं, आणि नारिताबाईंचा शूबर्ट.
मधेच वीज गेली.
तबकडी मंदावली, व्हायोलिनचा आवाज जाड होत होत
म्हाताऱ्यासारखा घोगरा झाला,
बसला.

अंधार. रॉकेलच्या शेगडीचा तेवढा लाल डोळा.
कोणी हललं नाही.
आणि जिथे सूर तुटला होता, नेमका तिथूनच
कोणीतरी गुणगुणायला लागलं.
खर्जातला आवाज. सफरचंदांच्या बाजूने येणारा.

कुदोसान!
अक्षर न् अक्षर पाठ असल्यासारखे,
एकही सूर न चुकता.

मागोमाग नारिताबाई, बारीक, जरा बेसूर.
ताकुमाची शीळ.
स्वयंपाकघरातून मालकीणबाई, ज्यांनी पाटी लिहिली त्याच.
मीही असेन. आठवत नाही.

त्या तबकडीवर एक ओरखडा आहे.
मालकीणबाईंचे यजमान एकदा रागाने टेबलावरून उठले, तेव्हाचा.
कशाचा राग, ते पाटीवर लिहिलेलं नाही.
तिथे सुई उडते, सुरांचा एक वळसा गाळून पुढे पडते.
आम्ही गात गात त्या जागी आलो
आणि सगळे एकदम
उडालो.

क्षणभर चिडीचूप.
मग कुदोसान हसले,
खोकल्यासारखे, गंजल्यासारखे,
आणि नारिताबाईंनी हसता हसता
विणकामाच्या सुया खाली पाडल्या.
आठ वर्षांत मी त्यांचे आवाज पहिल्यांदा ऐकले.

पुढच्या आठवड्यात ताकुमाने सेन्दाईहून
तीच तबकडी आणली, कोरी, बिनडागाची.
बार्टोकला थारा दिल्याबद्दल असेल.
लावली. त्या जागी गाळलेला वळसा आला,
पूर्ण, नितळ, खरं तर फार सुंदर.
पण सगळ्यांच्या माना आधीच पुढे पडल्या होत्या,
जिन्याची एक पायरी जास्त धरल्यासारख्या.
कोणी काही बोललं नाही. पाटी आहेच.

सोमवारी पहिली चिठ्ठी आली.
गोदामातल्या खोक्यांवर असतं तसं ठसठशीत अक्षर:
"शूबर्ट.
जुनी तबकडी."