एक मिनिट चाळीस

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टर खानझोडे म्हणाल्या, हात वर.
अकरा वर्षं हेच करतेय, मॅडम,
अजनी चौकात, पांढरे हातमोजे घालून.
त्या हसल्या नाहीत. घड्याळ लावलं.
कोपरं खांद्यांच्या रेषेत, पंजे वर,
मुठी उघडायच्या, मिटायच्या. तीन मिनिटं.

आधी बालवाडी आठवली.
मग करंगळीत मुंग्या,
मुंग्या कसल्या,
भिवापुरी मिरची कुटल्यावर हात धुवायचा राहून जातो, तशी आग.
एक मिनिट चाळीस सेकंदांना
उजवा हात मला न विचारता खाली आला.
कागदावर त्यांनी तेवढंच लिहिलं.

मग मनगट धरलं.
मान उजवीकडे. हनुवटी वर. श्वास घ्या, धरा.
कूलरचं पाणी टपकत होतं.
"गेली."
काय गेली?
"नाडी."
मी तर जिवंत, भिंतीवरच्या पाली मोजतेय,
आणि मनगटात सगळं सामसूम,
मंत्र्याची गाडी यायच्या आधी वर्धा रोड असतो तसं.

गळ्याच्या हाडाखाली, पहिल्या बरगडीवर
एक चिंचोळी गल्ली आहे म्हणे.
धमनी, शीर, नसांची जुडी,
सगळ्यांना एकाच वेळी निघायची घाई.
मग चालान कुणाचं फाडू?

त्यांनी शेजारच्या इंटर्नला बसवलं,
येरेकर आडनावाची, किडकिडीत पोर.
तिची मान वळवली. तिचीही नाडी गेली.
तिला काहीच दुखत नाही!
"म्हणून एकट्या नाडीवर भरवसा ठेवायचा नसतो," मॅडम म्हणाल्या,
आणि पोरगी दिवसभर स्वतःचं मनगट चाचपत फिरली.

एक्सरेत जादा बरगडी निघाली नाही.
मला थोडं वाईटच वाटलं.
निघाली असती तर घरी बोट ठेवून दाखवता आली असती.
नसांना करंट दिला, बोटं बेडकासारखी उडाली,
रिपोर्ट नॉर्मल.
"नार्मल हाय ना बाप्पा, मंग काऊन रडून राहिली?"
नवऱ्याने फाईल फ्रिजवर ठेवली, वर दुधाची पुस्तिका.
डॉपलर मंगळवारी.

संध्याकाळी सिग्नल बंद पडलेला.
हात वर केला.
ट्रक थांबला, सिटी बस थांबली,
सायकलवरचा कुल्फीवाला एक पाय टेकून थांबला.
मनात मोजते. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव.
शंभरला हात पडतो.
गाड्यांना वाटतं,
मी त्यांना सोडलं.