हिरव्या माणसाची बाकी

पत्र आलं पावाच्या कागदावर.
तेलाचा एक डाग, त्याला वळसा घालून पेन्सिलीची गिचमीड:
"सिग्नलवाल्या काकांना,
तुमचा हिरवा माणूस फार घाई करतो.
माझा भाऊ साबा चार वर्षांचा आहे.
त्याला घाई येत नाही.
नुत्सा, तिसरी, बेकरीच्या वरचं घर."

वीस वर्षं मी तिबिलिसीचे सिग्नल लावतोय.
लोक शिव्या देतात.
पत्र हे पहिलंच.

पुस्तक काढलं. पुस्तक म्हणतं,
रस्ता चौदा मीटर रुंद,
माणूस सेकंदाला चालतो एक पूर्णांक दोन दशांश मीटर,
बारा सेकंद पुरे.
कुठला माणूस, ते पुस्तकात नाही.
मीही कधी विचारलं नव्हतं.

सकाळी जाऊन उभा राहिलो.
तुतीचे दिवस. फुटपाथ जांभळा, चिकट.
भट्टीतून शोतीचा वास,
आणि रस्त्याच्या कडेला ती दोघं:
एक हात दप्तराच्या पट्ट्यावर,
एक हात साबाच्या मनगटावर, पोलिसानं चोर धरावा तसा.

हिरवा लागला.
एर्ती, ओरी, सामी... ती मोठ्यानं मोजत निघाली,
मी मनात.
सातला साबा थांबला.
पांढऱ्या पट्ट्यावर एक चिरडलेली तुती होती,
आणि ती बघण्यासारखी होती.
बाराला ती दोघं मधोमध.
तेराला पहिला हॉर्न.

ती गेल्यावर मी गुडघे टेकले,
खिशातलं नाणं घरंगळल्यावर टेकतो तसे.
साबाच्या उंचीवरून माझं शहर पाहिलं.
जीपचं बॉनेट म्हणजे भिंत.
भिंतीमागे चालक असेल, पण त्याला चेहरा नाही.
सायलेन्सर थेट तोंडात बोलतो.
आभाळ असतं, पण ते शोधायला मान मोडावी लागते.
आणि बटण,
मीच बसवलेलं, माझ्या छातीला येईल असं,
ते तिथून
दुसऱ्या मजल्यावरच्या दिव्यासारखं.
नुत्सा ते दप्तराचा कोपरा मारून दाबते, म्हणे.
बेकरीवाल्यानं सांगितलं. त्याला हे वर्षभर माहीत होतं.

"सात सेकंद?" ओतारी साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"पुलापर्यंत गाड्या तुंबतील. कोणासाठी?"
"माणसांसाठी."
"गाडीत काय बकऱ्या असतात, गुराम?"
मी पावाचा कागद पुढे सरकवला.
त्यांनी वाचला. पुन्हा वाचला.
डाग बोटानं पुसून पाहिला, जणू तोच काढला तर प्रश्न मिटेल.
"चार घे. आणि चहा पी."

घासाघीस करून मासळी घेतात,
तसा मी चार सेकंद घेऊन घरी आलो.

बटणाचं मात्र कोणाला विचारलं नाही.
शनिवारी पाना घेऊन गेलो
आणि ते खाली आणलं, अडीच वितींनी.
वरची दोन भोकं बुजवली, तरी दिसतात.
एक म्हातारी करवादली,
"आता आम्ही वाकायचं का?"
"हो," म्हटलं, "थोडं."
ती वाकली. कुरकुरत, पण वाकली.

दुसरं पत्र पहिल्या थंडीत आलं.
या वेळी वहीचं पान, रेघा सांभाळून:
"काका, चार मिळाले.
साबा आता स्वतः बटण दाबतो, पलीकडे जायचं नसलं तरी.
पण त्याला हिवाळ्याचे बूट घेतलेत, ते जड आहेत.
शेवटचा पट्टा आम्ही अजून पळतो.
मी मोजलं.
तीन बाकी आहेत."

आभार कुठेच नव्हते.
बेकरीत उधारी लिहितात तसा फक्त आकडा,
खाली रेघ.

पान मी काचेखाली ठेवलंय,
ओतारी साहेब सहीला येतात
तेव्हा त्यांची नजर पडेल अशा जागी.
सोमवारी ते म्हणाले,
"ही पोरगी सोडणार नाही."
मी म्हटलं, नाही.
बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.